दोघांचे काम एकट्याने करू नये

मंडळी, अमेरिकेत फार थकलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या पुष्कळ माणसांना शुश्रूषागृहात ठेवतात. तिथे पगारी सेवक त्यांना उठवतात, आंघोळ घालतात, जेवू घालतात.

एका सेवकाकडे अनेक माणसे असतात. कोणाचे गुडघे धरलेले, कोणाला अर्धांगवायू, कोणाला घास गिळवत नाही. कोणाला कसे सांभाळायचे, हे सारे तोंडी कसे ध्यानात राहणार? म्हणून प्रत्येकाच्या सेवेचा लेखी आराखडा करतात. १९८७ साली तिथे तसा कायदाच झाला. आता माणूस दाखल झाला की ४८ तासांत पहिला आराखडा तयार व्हावा लागतो. १४ दिवसांत पुरी तपासणी होते. त्यानंतर ७ दिवसांत पुरा आराखडा होतो. प्रकृती बदलते, म्हणून निदान दर तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करतात.

आराखड्यात काय असते? माणसाला उठवायला एक सेवक पुरे की दोन हवेत. कमरेला धरायचा पट्टा बांधायचा की उचलायचे यंत्र आणायचे. पाणी पातळ द्यायचे की दाट करून. गिळताना ठसका लागून पाणी फुप्फुसात जाऊ नये, म्हणून काहींना ते दाट करून देतात.

आता समजा, एका आजीबाईंची डावी बाजू लुळी आहे. कागदावर लिहिले आहे, ‘कुशीवर वळवताना दोन माणसे.’ सेवक घाईत आहे. तो मनात म्हणतो, “एवढं तर मी एकटाच करीन. कुठं कोणाला हाका मारत बसू?” तो आजीबाईंना पलीकडे, डाव्या कुशीवर वळवतो. पलीकडे धरायला कोणी नाही. लुळ्या हाताने पलंगाची कड धरवत नाही. आजीबाई खाली पडतात आणि खुबा मोडतो. म्हातारपणी खुबा मोडला की पुष्कळजण पुन्हा पहिल्यासारखे होत नाहीत. काही त्यातच दगावतात.

सेवकाच्या अंगात जोर होता. पण दुसरा माणूस नुसता जोर लावायला नसतो, तो पलीकडची बाजू सांभाळायला असतो. तो येईपर्यंत थांबावे. त्यात चार मिनिटे गेली तर गेली.

कधी आजीबाईच म्हणतील, “आज बरं वाटतंय, तू एकटाच उठव.” तरी सेवकाने आपल्या मनाने बदल करू नये. परिचारिकेला विचारावे. बदल करायचा तर तो आधी कागदावर व्हावा, म्हणजे रात्रपाळीच्या माणसालाही कळेल.

आपल्या घरीही म्हातारे माणूस दवाखान्यातून परत येते. बरोबर कागद मिळतो. तो फडताळात ठेवून देऊ नका. आता तुम्हांला वाचता येते. काही कळले नाही तर डॉक्टरांना किंवा नर्सबाईंना विचारा. मग कसे उठवायचे, काय भरवायचे, ते मोठ्या अक्षरांत लिहून अंथरुणाजवळ लावा. सून घरी नसली, तर शेजारणीलाही ते वाचून हात देता येईल.