माळेगावच्या बाजारातलं गाढव

लोह्याहून लातूरच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात माळेगाव येतं. एरवी एसटीतला माणूस या गावाकडे मान वळवूनही बघत नाही. मार्गशीर्ष सरत आला की मात्र खंडोबाची यात्रा भरते आणि सगळा माळ जनावरांनी गजबजून जातो. घोडे, उंट, कुत्री, लाल कंधारी बैल आणि गाढवं. कृत्रिम बुद्धिमत्ता माणसाला हटवणार का, हा प्रश्न विचारायला याहून चांगली जागा मला तरी ठाऊक नाही. यंत्रानं हटवलेला जीव बघायचा तर तो इथं दाव्याला बांधलेला दिसतो.

ही तुलना माझ्या पदरची नाही. वासिली लिओन्टिफ नावाच्या नोबेलविजेत्या अर्थशास्त्रज्ञानं चाळीसेक वर्षांपूर्वीच ती केली होती. ट्रॅक्टर आला आणि घोड्याचं काम संपलं, तशीच पाळी उद्या माणसावर येऊ शकते, असं त्याचं म्हणणं. अमेरिकेत 1915च्या सुमाराला घोडे आणि खेचरं मिळून अडीच कोटींच्या वर होती; 1960 पर्यंत ती तीस लाखांच्या आसपास उरली. आपल्याकडचा आकडा तर अगदी ताजा आहे. 2012च्या पशुगणनेत देशात सुमारे 3 लाख 20 हजार गाढवं होती. 2019 साली उरली 1 लाख 20 हजार. सात वर्षांत साठ टक्क्यांच्या वर घट! घट होण्याची कारणं अनेक सांगतात, पण टेम्पो आणि ट्रॅक्टर त्यांत आघाडीवर.

आता गाढवाकडून नजर जरा त्याच्या व्यापाऱ्याकडे वळवा. तो जनावराचा जबडा उघडतो, दात बघतो आणि वय सांगतो. दोन दातांचं दुवान, चार दातांचं चौवान, शिवाय अखंड आणि कोरा; जेजुरीच्या बाजारातही हेच शब्द चालतात. पण दातांवरून नुसतं वय कळतं. हे जनावर वीटभट्टीवर टिकेल का, लाथाडेल का, हे तो कशावरून ओळखतो? विचाराल तर हसेल. त्याला कुणी नियम पाठ करायला दिलेले नसतात. लहानपणी आज्याचं बोट धरून तो बाजार फिरला, हजारो जनावरं नजरेखालून गेली, आणि नजर तयार झाली.

नवल असं, की यंत्रंही शहाणी झाली ती याच वाटेनं. कितीतरी वर्षं शास्त्रज्ञ संगणकाला नियम शिकवत बसले होते: कान लांब, शेपटीला गोंडा, तर ते गाढव. कान मागं पाडलेलं गाढव समोर आलं की नियम कोलमडायचा. मग नियमांचा नाद सोडून उदाहरणं दाखवायला सुरुवात झाली. 2012 साली चित्रं ओळखण्याच्या एका स्पर्धेत बारा लाख चित्रं बघून शिकलेल्या यंत्रानं बाकीच्यांना इतकं मागं टाकलं, की त्या क्षेत्राची दिशाच बदलली.

भाषेचंही तसंच. यात्रेत कुणी ‘येळकोट येळकोट जय’ एवढंच म्हणून थांबला, तर कडेवरचं पोरसुद्धा ‘मल्हार’ म्हणून मोकळं होतं. यंत्राला हाच खेळ खेळायला लावतात. अफाट मजकूर पुढ्यात टाकायचा आणि पुढचा शब्द ओळखायला सांगायचं. चुकलं की त्याच्या पोटातले कोट्यवधी आकडे किंचित इकडेतिकडे सरकवायचे. मग पुन्हा तेच, अब्जावधी वेळा. एवढ्याशा खेळातून भाषांतर, हिशेब, अर्ज लिहिणं, वाद घालणं असं सगळं उगवून आलं. मला स्वतःला हे अजूनही पुरतं पचलेलं नाही. यातला नेमका कुठला आकडा ‘मल्हार’ जाणतो, हे ते यंत्र बनवणाऱ्यांनाही बोट ठेवून दाखवता येत नाही.

माळेगावावरून रोज पोरांनी भरलेल्या गाड्या जातात. कुणी नांदेडच्या क्लासला, कुणी लातूरच्या. प्रश्नपत्रिका सोडवा, चुका बघा, पुन्हा सोडवा. लातूर पॅटर्ननं हीच तालीम घरोघरी नेली. आता त्या तालमीत यंत्र उतरलंय. जुलै 2025 मध्ये आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडच्या प्रश्नांवर त्यानं 42 पैकी 35 गुण, म्हणजे सुवर्णपदकाइतके, मिळवले. आणि बुजलेल्या गाढवाला कान धरून शांत करणं, त्याचा जबडा उघडणं, खुराच्या फटीत बोट घालून खडा काढणं? तिथं यंत्रमानव अजून चाचपडतात. माणसाला जे अवघड ते यंत्राला सोपं, आणि माणसाच्या हातचा मळ ते यंत्राला डोंगराएवढं; हे हान्स मोराव्हेक या शास्त्रज्ञानं 1988 मध्येच लिहून ठेवलं होतं. म्हणजे पहिली चिंता खुर्चीवाल्यांनी करायची! शिवाय यंत्राला वीज ढीगभर लागते; व्यापाऱ्याचा मेंदू चालतो सुमारे वीस वॅटवर. ज्वारीच्या दोन भाकरी खाल्ल्या की झालं.

म्हणून निर्धास्त राहा, असं मात्र मी म्हणणार नाही. या विद्येचे एक आद्य गुरू जेफ्री हिंटन 2016 मध्ये म्हणाले होते, की क्ष-किरणतज्ज्ञ घडवणं आता थांबवा, पाच वर्षांत यंत्र त्यांच्या पुढं जाईल. पाच वर्षं कधीच सरली, क्ष-किरणतज्ज्ञ आहेतच. तेच हिंटन आज सांगतात, की यंत्र माणसाच्या हाताबाहेर जाऊ शकतं. एक भाकीत चुकलं म्हणून दुसरं हसण्यावारी न्यायची माझी तरी छाती नाही.

पण लिओन्टिफची तुलना मला एका जागी खटकते. माळेगावात जुन्या पद्धतीचा सौदा अजून रुमालाखाली होतो. दोन हात आत जातात, बोटं दाबली जातात, आकडा ठरतो. बघ्यांना पत्ता लागत नाही. गाढव शेजारीच उभं असतं. भट्टीवर जायचं की नाही, टेम्पो घ्यायचा की नाही, यातलं काही त्याला कुणी विचारत नाही. त्याच्यापाशी विकायला पाठ होती, तीही मालकाची. माणसाला मत आहे, संघटना आहे, कायदा करता येतो. घोड्यांनी कधी ट्रॅक्टरवर कर बसवला नाही.

आपला हात रुमालाखाली आहे की नाही, हे मात्र तपासायला हवं. महाराष्ट्र सरकारनं जून 2025 मध्ये शेतीसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचं धोरण मंजूर केलं, पहिल्या टप्प्याला 500 कोटी रुपये. उपग्रह, ड्रोन, मोबाइलवरचा सल्ला असं बरंच त्यात आहे आणि त्यातून भलं होऊही शकतं. फक्त येत्या ग्रामसभेत उभं राहून एवढं विचारा: आमच्या शिवाराची माहिती कुणाकडे जाणार, आणि तिचा भाव कोण ठरवणार?