डी ड्राइव्ह गायब? आधी हात मागे!

पुण्यात नोकरी, घर पेठ वडगावात. शनिवारी सकाळी तुम्ही घरी पोचता, चहाचा कप हातात येतो न येतो तोच बाबा म्हणतात, ''आपल्या कॉम्प्युटरचा डी ड्राइव्ह दिसंना झालाय बघ.'' डी ड्राइव्ह म्हणजे ताईच्या लग्नाचे फोटो, बाबांच्या दुकानाचे हिशेब आणि आजीचा आवाज असलेला एकुलता एक व्हिडिओ. पोटात गोळाच येतो ना?

पण थांबा. सातबाऱ्यावरची नोंद गहाळ झाली म्हणून शेत काही कोणी उचलून नेत नाही. हार्ड डिस्कचंही तसंच असतं. कुठलं पार्टिशन कुठे सुरू होतं आणि किती मोठं आहे, हे एका छोट्या तक्त्यात लिहिलेलं असतं. जुन्या एमबीआर पद्धतीत हा तक्ता फक्त ६४ बाइट्सचा! तो बिघडला की अख्खं पार्टिशन गायब दिसतं. फाइल्स मात्र बहुतेक वेळा जागच्या जागी असतात.

त्यामुळे पहिला नियम म्हणजे काहीही करू नका. विंडोज 'डिस्क फॉरमॅट करायची का?' असं विचारेल, सरळ नाही म्हणा. त्या डिस्कवर नवं काही इन्स्टॉल करू नका, कॉपीही करू नका. शक्य असेल तर ती काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा.

आता हीरोची एण्ट्री. नाव टेस्टडिस्क, बनवणारा फ्रान्सचा ख्रिस्तोफ ग्रेनिए, किंमत शून्य! दिसायला अगदी साधं, काळा स्क्रीन आणि पांढरी अक्षरं. माऊस चालत नाही, बाणांच्या कीज आणि एण्टरवर सगळा कारभार. डिस्क निवडा, 'ॲनलाइज' करा, मग 'क्विक सर्च'. काही सापडलं नाही तर 'डीपर सर्च' आहेच, त्याला मात्र वेळ लागतो. पार्टिशन सापडलं की 'पी' दाबा. ओळखीची फोल्डर्स दिसली की अर्धी लढाई जिंकली. पण घाई नको! आधी महत्त्वाच्या फाइल्स दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा, 'राइट' त्यानंतरच. कारण 'राइट' म्हणजे नवा तक्ता डिस्कवर लिहिणं, आणि तो चुकला तर गुंता वाढतो.

पार्टिशन मिळालंच नाही, तर टेस्टडिस्कसोबतच येणारं फोटोरेक वापरून बघा. ते फाइल्स शोधून देतं, पण त्यांची मूळ नावं मिळत नाहीत. हजारो फोटोंतून ताईचं लग्न वेचत बसावं लागेल, तेवढी तयारी ठेवा.

सगळीकडे ही जादू चालत नाही, बरं का. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर ती लगेच बंद करा. हा बिघाड यंत्राचा आहे, तिथे सॉफ्टवेअर काही करू शकत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर भागात पुराचं पाणी घराघरांत शिरलं होतं. तशा भिजलेल्या डिस्कला वीज देऊन बघण्याचा मोह टाळा, ती थेट रिकव्हरी लॅबकडे न्या. एसएसडी फॉरमॅट झाली असेल तर 'ट्रिम'मुळे डेटा बहुधा कायमचा पुसला जातो.

म्हणूनच सगळं ठीक असतानाच एक एक्स्टर्नल डिस्क घ्या. आजीचा व्हिडिओ त्यावर टाका, आणखी एक कॉपी दुसऱ्या घरी ठेवा. टेस्टडिस्क फुकट मिळतं, पण आजीचा आवाज पुन्हा रेकॉर्ड करता येत नाही!