धूर म्हणजे वाया गेलेलं सरपण

गॅसची शेगडी घरात आली की चूल आपोआप विझेल, असं आपण गृहीत धरलं होतं. तसं झालं नाही. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली आणि कोट्यवधी बायकांच्या नावावर सिलिंडर आले. चहा-भाजी गॅसवर होऊ लागली. पण अंघोळीचं पाणी आणि भाकरी पुष्कळ घरांत अजून चुलीवरच. सिलिंडरला पैसे मोजावे लागतात, सरपण मात्र 'फुकट'! २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वयंपाकाला स्वच्छ इंधन वापरणारी घरं देशात ५९ टक्क्यांच्या आसपास होती. म्हणजे दहातल्या चार घरांत मुख्य स्वयंपाक धुरातच होत होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या धुरामुळे जगात २०२० साली सुमारे ३२ लाख माणसं दगावली.

चूल इतक्यात जाणार नसेल, तर ती एवढा धूर का ओकते, हे तरी समजून घ्यायला हवं.

लाकूड तापलं की आधी त्यातलं पाणी निघून जातं, मग वायू सुटू लागतात. कोरड्या लाकडाचा वजनाने तीन चतुर्थांश किंवा त्याहूनही जास्त भाग असा उडून जातो, उरतो तो कोळसा. आपल्याला दिसणारी ज्वाला म्हणजे हा पेटलेला वायू. त्याला पेटायला भरपूर उष्णता, हवा आणि थोडा वेळ लागतो. यातलं एक जरी कमी पडलं, तरी तो न जळताच बाहेर पडतो. तोच धूर! खात्री करायची असेल तर मेणबत्ती विझवा आणि वर जाणाऱ्या पांढऱ्या धुराला पेटती काडी लावा. ज्योत धुरावरून खाली उतरते आणि वात पुन्हा पेटते.

आपण फुंकणीने हवा घालतो ती निखाऱ्यांना, म्हणजे खालची हवा. तिने निखारे लाल होतात, लाकूड आणखी तापतं आणि वायूही जास्त सुटतो. म्हणून जाळ धरेपर्यंत फुंकर मारल्यावर उलट जास्तच धूर येतो. सरपणाच्या वर, ज्वाला आणि भांडं यांच्यामधल्या जागेत वायूला आणखी हवा लागते आणि ती गरम लागते. चुलीच्या रुंद तोंडातून भसकन शिरणारी गार हवा ज्वाला थंड करते. भांडं अगदी टेकलेलं असेल तर ज्वाला गार बुडावर आपटते आणि काजळी धरते.

आहे त्या चुलीत काय करता येईल?

* सरपणाखाली लोखंडी जाळी ठेवा. खालची हवा जाळीतून येते, राख खाली पडते. राख रोज काढा, नाहीतर हवेची वाटच बंद होईल.
* चूल नव्याने घालणार असाल तर आत पत्र्याचं नळकांडं बसवा. ते आणि मातीची भिंत यांच्यामध्ये बोटभर पोकळी ठेवा आणि ती खालून उघडी असू द्या. नळकांड्याला सरपणाच्या वरच्या बाजूला पेन्सिलीएवढी भोकं गोल पाडा. पोकळीतून वर चढताना तापलेली हवा या भोकांतून ज्वालेवर येते. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा मात्र नको, तापल्यावर त्याची वाफ बाधते.
* भोकं फार झाली तर ज्वाला मंदावते. अशा वेळी दोन-चार मातीने बुजवा. बुडाची काजळी कमी झाली की बेत जमला म्हणायचं.
* भांडं आणि चुलीचा काठ यांत बोटाच्या जाडीएवढी फट ठेवा.
* सरपण वाळलेलं आणि बारीक फोडलेलं घ्या. ओल्या लाकडापुढे कोणतीही चूल हात टेकते.

पाण्याच्या बंबात अडचण थोडी वेगळी असते. नळीभोवती पाणी असल्यामुळे तिच्या भिंती कधी नीट तापतच नाहीत. त्यामुळे वायू पेटण्याआधीच थंड होतो. नळी ठासून भरू नका. करवंट्या, काटक्या मोकळ्या रचा आणि वरून पेटवा. खालून सुटणारा वायू मग वरच्या जाळातूनच जातो. बंब उघड्यावरच हवा, कारण अर्धवट ज्वलनातला कार्बन मोनॉक्साइड डोळ्यांना दिसत नाही.

हे ज्ञान नवं नाही. केंद्र सरकारचा सुधारित चुलींचा कार्यक्रम १९८०च्या दशकात सुरू झाला आणि २००२मध्ये गुंडाळला गेला. अनेक घरांत चुलीला तडे गेले, धुराडी तुंबली आणि दुरुस्त करायला कुणी आलं नाही. पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मदतीने 'ऊर्जा' शेगडी निघाली. छोटा पंखा तिला खालची-वरची अशी दोन्ही हवा देई. शेगडी छान चाले, पण तिच्या खास कांड्या महाग होत गेल्या.

चांगली चूलही गॅसइतकी स्वच्छ नसते. त्यामुळे सिलिंडर भरून आणणं जमेल तेव्हा जरूर आणा. पण सरपण 'फुकट' म्हणताना त्यात बाईची पायपीट, तिचे डोळे आणि तिचा खोकला धरलेला नसतो. शेतातल्या पंपाची दुरुस्ती लगेच होते, मग चुलीच्या जाळीचा खर्च पुढच्या महिन्यावर का ढकलायचा?