ब्रेडी नियम : सरकारी वकिलाने काय दाखवायलाच हवे?

मूळ खटला : ब्रेडी विरुद्ध मेरिलँड, अमेरिकेचे सर्वोच्च न्यायालय, १९६३. खून १९५८चा. ब्रेडीचे म्हणणे, गुन्ह्यात मी होतो, पण जीव घेतला साथीदाराने. साथीदाराने पोलिसांना तसा जबाबही दिला होता. तो बचाव पक्षाला दाखवला गेला नाही. या निकालाने ब्रेडी सुटला, असा समज आढळतो. तो चूक. दोष कायम राहिला. फेरसुनावणी फक्त शिक्षेपुरती.

नियम : आरोपीला अनुकूल आणि दोष किंवा शिक्षा ठरवताना महत्त्वाचा ठरणारा पुरावा दडवता येत नाही. दडवण्यामागचा हेतू शुद्ध होता, हा बचाव नाही.

पुढची भर
• १९७२, जिग्लिओ : साक्षीदाराला दिलेले सवलतीचे आश्वासनही उघड करायचे.
• १९८५, बॅग्ली : पुरावा ‘महत्त्वाचा’ कधी? तो हाती असता तर निकाल वेगळा लागण्याची वाजवी शक्यता असेल तेव्हा.
• १९९५, काइल्स : कागद पोलिसांकडेच राहिला, ही सबब चालत नाही.

थॉम्पसन प्रकरण, न्यू ऑर्लिन्स : लुटीच्या खटल्यातला कापडाचा तुकडा. त्यावर लुटारूचे रक्त, गट ‘बी’. आरोपी थॉम्पसनचा गट ‘ओ’. रक्तगटाचा अहवाल बचाव पक्षाला दिलाच नव्हता. त्याच्यावरच्याच खुनाच्या वेगळ्या खटल्यातला मृत्युदंड महिनाभरावर आला असताना, १९९९मध्ये, तो अहवाल खासगी तपासनिसाच्या हाती लागला. तुरुंगवास १८ वर्षांचा. २००३मध्ये खुनाच्या फेरखटल्यात निर्दोष. पुढे त्याच्या भरपाईच्या दाव्यात ज्युरीने दिलेली १ कोटी ४० लाख डॉलरची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी रद्द केली.