कवटीची साक्ष आणि इरावतीबाईंचे मोजमाप

बुलढाणा जिल्ह्यात धाडपासून लोणारच्या विवरापर्यंत ओळखीचा असलेला काळ्या तोंडाचा वानर आणि माणूस हे दोघेही नरवानर गणातले, म्हणजे माकडे, कपी आणि मानव यांना सामावून घेणाऱ्या सस्तन प्राण्यांच्या गटातले असले, तरी वानर हा माणसाचा पूर्वज नव्हे. दोघांचे समान पूर्वज सुमारे २.५ ते ३ कोटी वर्षांपूर्वी होऊन गेले, तर चिंपँझी आणि माणूस यांच्या वाटा सुमारे ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. त्यानंतर माणसात कोणते बदल कोणत्या क्रमाने घडले, हे ठरवताना कवट्यांची तुलना फार उपयोगी पडते.

कवटीच्या तळाशी, मज्जारज्जू जिथून मेंदूला मिळतो तिथे, महारंध्र नावाचे मोठे छिद्र असते. चार पायांवर चालणाऱ्या वानरात ते मागच्या बाजूस असते. माणसात ते तळाच्या मध्याकडे सरकलेले असल्यामुळे भरलेली घागर तोलून न्यावी तसे डोके कण्यावर तोलले जाते आणि मानेच्या स्नायूंना ते सतत ओढून धरावे लागत नाही. नर गोरिलाच्या माथ्यावर हाडाचा उभा कंगोरा असतो, कारण जबड्याचे बळकट स्नायू धरून ठेवायला तेवढी जागा लागते. माणसाचा जबडा आखूड आणि सुळे लहान असल्याने त्याला असा कंगोरा नाही. चिंपँझीच्या कवटीत सुमारे ४०० घन सेंटीमीटर मेंदू मावतो, आजच्या माणसाच्या कवटीत सरासरी १,३५० च्या आसपास.

या शेवटच्या आकड्याने विद्वानांना बराच काळ चकवले. १९१२ साली इंग्लंडमधील पिल्टडाऊन येथील म्हणून जाहीर झालेल्या अवशेषांत मोठी कवटी आणि कपीसारखा जबडा होता, आणि माणसात आधी मेंदूच वाढला असणार, या लाडक्या समजुतीला तो पुरावा सोयीचा वाटला. उलट दक्षिण आफ्रिकेतील ताउंग येथे १९२४ साली सापडलेल्या बालकाच्या कवटीत मेंदूची जागा लहान, पण महारंध्र पुढे सरकलेले असल्याचे रेमंड डार्ट यांनी दाखवले, तरी त्यांच्या म्हणण्याला मान्यता मिळायला दोन दशके लागली. पिल्टडाऊनची कवटी माणसाची आणि जबडा ओरांगउटानचा असल्याची लबाडी १९५३ मध्ये उघड झाली. माणूस आधी ताठ चालू लागला आणि मेंदू त्यानंतर वाढला, हाच क्रम आता सर्वमान्य आहे.

पूर्वग्रहाचा याहून घातक प्रकार म्हणजे कवट्यांवरून मानवी वंशांची उतरंड लावणे, आणि त्याला मोजमापानेच उत्तर देणाऱ्यांत एक मराठी नाव आहे. ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून परिचित असलेल्या इरावती कर्वे यांनी १९३० च्या सुमारास बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली मानवी कवटीच्या असममितीवर, म्हणजे तिच्या डाव्या-उजव्या बाजूंतील फरकावर, प्रबंध लिहिला. हा फरक युरोपीयांत वेगळा असून त्याचा संबंध त्यांच्या कथित बौद्धिक श्रेष्ठतेशी असावा, असा फिशर यांचा कयास होता. मात्र १४९ कवट्या मोजून इरावतीबाईंनी असममिती सर्वच मानवगटांत आढळते आणि तिचा वंशाशी संबंध लागत नाही, असा निष्कर्ष मांडला. फिशर पुढे नाझी राजवटीच्या वंशविज्ञानाचे आधारस्तंभ ठरले, हे ध्यानात घेतले म्हणजे मार्गदर्शकाच्याच गृहीतकाविरुद्ध जाणाऱ्या त्या निष्कर्षाचे मोल कळते.

इरावतीबाईंनी मोजपट्टी टाकून दिली नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असताना वि. म. दांडेकरांसह महाराष्ट्रातील लोकांच्या शारीरिक मोजमापांचा त्यांचा ग्रंथ १९५१ साली प्रसिद्ध झाला. कवटीवरून प्राणी कसा चालत होता, काय चावत होता आणि मेंदूला किती जागा होती, हे विश्वासाने सांगता येते. त्यापुढे जाऊन माणसामाणसांत श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवण्याला मात्र त्या हाडात कोणताही आधार नाही. मराठी साहित्याच्या इतिहासात इरावतीबाईंना मिळालेले स्थान मराठी विज्ञानाच्या इतिहासातही मिळायला हवे.