लिंबू अंडं फाडत नाही

लेमन टार्टची कृती कुणीही सांगितली की तिला जोडून एक इशारा हमखास येतो: लिंबाचा रस अगदी शेवटी, गॅस बंद केल्यावर घाला, नाहीतर अंडं फाटेल. मग हा इशारा वाढत जातो. कुणी रस थेंबाथेंबाने घालायला सांगतं, कुणी त्याचं प्रमाण निम्म्यावर आणतं, तर कुणी रस पूर्ण वगळून इसेन्सवर भागवतं. परिणामी मैदा-लोण्याच्या खुसखुशीत कवचात जे भरलं जातं ते नुसतं गोड आणि पिवळं असतं. ज्या पदार्थाचा जीव आंबटपणात आहे, त्यातला आंबटपणाच एका भीतीपायी काढून टाकला जातो. ही भीती निराधार आहे. इतकंच नव्हे, तर वस्तुस्थिती तिच्या नेमकी उलट आहे. लिंबाचा रस अंड्याला गुठळ्यांपासून वाचवतो. गुठळ्या करते ती आच.

भीती आली आहे दुधावरून, आणि तिथवर ती समजण्यासारखी आहे. उकळत्या दुधात लिंबू पिळलं की पनीर होतं, हे घरोघरी ठाऊक आहे. ताज्या दुधाचा पीएच ६.६ च्या आसपास असतो. त्यातल्या केसीन या प्रथिनाच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो आणि सारखे भार एकमेकांना दूर सारतात, म्हणून हे कण दुधात सुटे तरंगत राहतात. आम्ल घालून पीएच ४.६ पर्यंत उतरला की तो भार संपतो, कण एकमेकांना चिकटतात, चोथा आणि पाणी वेगळं होतं. पण इथेही दोष एकट्या आम्लाचा नाही. दही लागतं तेही आम्लामुळेच. विरजणातले जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात, पीएच जवळपास तितकाच खाली येतो, तरीही दही एकसंध आणि मऊ लागतं. कारण तिथे आम्ल सावकाश वाढतं, दूध कोमट असतं आणि ते कुणी ढवळत नाही. म्हणजे दुधातसुद्धा गुठळी होणार की गुळगुळीत घट्टपणा येणार, हे उष्णता, वेग आणि ढवळणं मिळून ठरवतात. दुधाचा हा अर्धवट समजलेला नियम उचलून अंड्याला लावला जातो, तिथे चूक दुप्पट होते.

अंड्याची प्रथिनं केसीनपेक्षा वेगळ्या स्वभावाची आहेत. कच्च्या अंड्यात ती लोकरीच्या घट्ट गुंड्यांसारखी असतात. उष्णता लागली की गुंड्या उलगडतात, धागे एकमेकांत गुंतून जाळं तयार होतं आणि त्या जाळ्यात पाणी धरून ठेवलं जातं. टार्टमधलं मऊसूत सारण म्हणजे हेच जाळं. आच आणखी वाढली की जाळं आवळत जातं आणि पाणी पिळून बाहेर पडतं. फाटणं म्हणतात ते हे. आता यात लिंबाचा रस काय करतो? अन्नशास्त्रावर लिहिणारे हॅरल्ड मॅगी यांनी ‘ऑन फूड अँड कुकिंग’ या १९८४ साली प्रथम निघालेल्या आणि २००४ मध्ये नव्याने लिहिलेल्या ग्रंथात हे स्पष्ट सांगितलं आहे: आम्लामुळे अंड्याची प्रथिनं लवकर एकत्र येतात, पण फार जवळ येऊ शकत नाहीत. अंड्याला रबरासारखं घट्ट करण्यात प्रथिनांमधल्या गंधकाच्या बंधांचा मोठा वाटा असतो आणि आम्लयुक्त मिश्रणात हे बंध सहज जुळत नाहीत. म्हणून आंबट मिश्रणात शिजलेलं अंडं अधिक मऊ राहतं. मोरोक्कोत अंडी फार वेळ शिजवायची असली तर आधी लिंबाच्या रसात फेटतात, ती चिवट होऊ नयेत म्हणून. सतराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये आंबट फळांच्या रसात अंडी ढवळून शिजवण्याची पद्धत होती, आणि आजच्या लेमन कर्डचं, म्हणजे टार्टमध्ये भरतात त्या सारणाचं, मूळ त्यातच असावं असं मॅगी म्हणतात. ही भीती खरी असती तर हा पदार्थ जन्मालाच आला नसता.

यावर एक रास्त आक्षेप येतो. आम्लामुळे प्रथिनं लवकर एकत्र येत असतील, तर अंडं कमी तापमानालाच घट्ट होईल, म्हणजे धोका वाढलाच ना? पहिला भाग बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा. टार्टच्या सारणात अंडं आणि लिंबू एवढंच नसतं. साखर भरपूर असते आणि ती प्रथिनांच्या उलगडण्याला विरोध करते. रसातलं पाणी प्रथिनांना विरळ करतं. या दोन्हींमुळे घट्ट होण्याचं तापमान वर जातं. नुसतं फेटलेलं अंडं सुमारे ७३ अंश सेल्सियसला पूर्ण धरतं. फ्रेंच पेस्ट्री शेफ पियेर एर्मे यांच्या प्रसिद्ध लेमन क्रीममध्ये मात्र अंडी, साखर आणि भरपूर रस पहिल्यापासून एकत्र असतात, ते मिश्रण ढवळत ८२ अंशांपर्यंत नेलं जातं आणि ६० अंशांवर उतरलं की त्यात लोणी घुसळतात. ते फाटत नाही.

दुसरा आक्षेप अनुभवाचा असतो: “रस घातला तेव्हाच गुठळ्या झाल्या, मग?” झाल्या असतील, पण तोवर पातेलं थेट ज्योतीवर होतं, बुडाशी तापमान हवं त्यापेक्षा कितीतरी वर गेलं होतं, किंवा अंड्याचा पांढरा भाग नीट फेटलेला नव्हता आणि त्याचे धागे वेगळे शिजले. पुष्कळदा साखर नुसती बलकावर ओतून ठेवलेली असते. ती बलकातलं पाणी ओढून घेते आणि कडक कण तयार होतात. या सगळ्याचं खापर शेवटी पडलेल्या लिंबावर फुटतं. खरं तर रस शेवटी घालण्याच्या सल्ल्यानेच नुकसान होतं, कारण अंडं तापत असताना त्याला जे संरक्षण हवं तेच दूर ठेवलेलं असतं.

मग क्रीम किंवा कंडेन्स्ड मिल्क घातलं तर? घट्ट क्रीममध्ये चरबी जास्त आणि केसीन कमी असतं, त्यामुळे फाटायला फारसं काही उरतच नाही. इंग्लंडमधल्या लेमन पॉसेटमध्ये उकळलेल्या घट्ट क्रीममध्ये साखर आणि लिंबाचा रस घालतात आणि ते अंड्याविना गुळगुळीत जमतं. फ्लॉरिडाच्या की लाइम पायमध्ये कंडेन्स्ड मिल्क, बलक आणि लिंबाचा रस असतो. तिथे आम्ल मिश्रण घट्ट करायलाच वापरलं जातं. आणि त्या पायमधलं लिंबू म्हणजे आपलं कागदी लिंबूच. त्यामुळे ‘खरा टार्ट परदेशी लेमनशिवाय होत नाही’ हाही गैरसमज मोडतो. जाड सालीचा पिवळा लेमन आणि आपलं कागदी लिंबू या दोन्हींच्या वंशात महाळुंग आहे, हे जनुकीय अभ्यासांतून दिसून आलं आहे. तेच महाळुंग, जे कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात आहे. गंध थोडा वेगळा येईल, कागदी लिंबाचा रस अधिक आंबट असतो, एवढाच फरक.

बाकीचे समज थोडक्यात. ‘साल कडू, म्हणून टाकून द्या’: कडू असतो तो पांढरा थर, रंगीत थरात सुगंधी तेल असतं, तो बारीक किसून घ्या. ‘लिंबाने अंडं आपोआप शिजतं, तापवायची गरज नाही’: रोगजंतूंच्या दृष्टीने हे धोकादायक आहे, अमेरिकेचं कृषी खातं अंड्याचे पदार्थ ७१ अंशांपर्यंत तापवायला सांगतं. ‘कवचाचं पीठ पोळीच्या कणकेसारखं तिंबा’: तिंबल्याने ग्लूटेन वाढतं, कवच चिवट होतं आणि भाजताना आकसतं. ‘भांडं कुठलंही चालेल’: ॲल्युमिनियमचं नको, आम्लाने धातूची चव उतरते; स्टीलचं घ्या. ‘कॉर्नफ्लोअर आणि रस एकत्र खूप उकळा, दाट होईल’: आम्लात जास्त उकळलेला स्टार्च तुटून उलट पातळ होतो. इथे मात्र रस शेवटी घालणं योग्य आहे, आणि कदाचित हाच नियम कुणीतरी अंड्याच्या कृतीला चिकटवला असावा.

टार्ट भाजताना ब्रिटिश शेफ हेस्टन ब्लूमेंथल सारण ७० अंशांना पोहोचलं की तो बाहेर काढायला सांगतात. बाहेर आल्यावरही आतलं तापमान थोडं चढतं. साधा स्वयंपाकघरातला थर्मामीटर हे काम करतो, तो नसेल तर मधला भाग किंचित थरथरत असताना टार्ट काढावा. कृती लिहिणाऱ्यांना आणि सांगणाऱ्यांना म्हणून एवढीच विनंती: ‘रस शेवटी घाला’ हे वाक्य अंड्याच्या टार्टमधून खोडा, अंडी, साखर आणि रस सुरुवातीलाच एकत्र फेटायला सांगा, आणि त्या जागी तापमानाचा आकडा लिहा.