फुफ्फुसाचा कर्करोग : रोग्यानें काय जाणावें ?

ठाणें, कल्याण, डोंबिवलीकडील एखाद्या घरांत खोकला महिनाभर हटला नाहीं, कीं पहिली शंका येते ती क्षयाची. शंका गैर नव्हे. परंतु कर्करोगाचा डागहि क्ष-किरण-चित्रांत पुष्कळदां क्षयासारखाच दिसतो. थुंकींत क्षयाचे जंतू आढळले नसतां केवळ चित्रावर विसंबून औषधें चालू ठेवल्यास मोलाचे महिने वायां जातात. तेव्हां सी. टी. स्कॅन करून डागाचा तुकडा तपासून घ्यावा. सुई टोंचल्यानें रोग भडकतो, ही समजूत सुशिक्षितांतहि आहे; तिच्या भयानें तपासणी टाळणें अधिक घातक.

तुकड्यावरून रोगाची जात कळते; पेट स्कॅन व मेंदूचा एम. आर. आय. यांवरून त्याचा पसारा. या पसाऱ्यासच डॉक्टर 'स्टेज' म्हणतात. पहिल्या दोन अवस्थांत शस्त्रक्रियेनें रोग समूळ काढण्याची आशा असते. तिसरींत तो बहुधा छातीच्या मध्यभागांतील गांठींत शिरलेला असतो. तेथें किरणोपचार व केमोथेरपी यांवर मुख्य भर. चौथींत तो दूर पसरलेला असतो, आणि हा शब्द ऐकतांच नातलगांचे हातपाय गळतात.

पण येथेंच जातीचें महत्त्व. कांहीं रोग्यांच्या गांठींत ई. जी. एफ. आर. या जनुकांत बदल आढळतो. विडी-सिगारेट न ओढणाऱ्यांत तो विशेष. अशांना गोळ्यांचा गुण येतो. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयानें ३५० रोग्यांवर केलेला अभ्यास २०२० सालीं छापून आला. नुसत्या गेफिटिनिबनें रोग सुमारें ८ महिने आटोक्यांत राहिला, केमोथेरपीची जोड देतां १६ महिने. त्रासहि अधिक झाला, हें सांगितलेंच पाहिजे. म्हणून जनुकांची तपासणी झाली काय, हें रोग्यानें आवर्जून विचारावें.

पण विचारणार कसा ? "बाबांना सांगूं नका" असें मुलगा डॉक्टरांच्या कानांत आधींच कुजबुजलेला असतो ! माया खरी, परंतु आठ महिने कीं सोळा, आणि किती त्रास सोसून, हा हिशेब ज्याच्या देहाचा त्यानेंच करावयाचा. शिवाय हें गुपित टिकतहि नाहीं. परळास जातांना कर्करोग्यांना लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यांत बसण्याची मुभा असते. त्या डब्यांत आपल्याला कां बसविलें, हें बाबा पहिल्याच दिवशीं विचारतील.